गुरूवर बोअर मारला तर?

लातूर-नांदेडकडच्या लेकरांना बोअर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळा तापला की गावात बोअरची गाडी येते, बहुतेक वेळा रात्रीचीच. पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवलेली असते. (नारळाला पाण्यातलं काही कळत नाही, पण ते भांडण आज नको.) कॉम्प्रेसर सुरू झाला की आख्ख्या वस्तीची झोप उडते. छडीला छड जोडत हातोडा खाली जात राहतो आणि भोकातून धुरळ्याचा लोट वर येतो. घरातली मोठी माणसं खाटेवर बसून त्या लोटाकडे बघत असतात. दोनशे फूट, कोरडा. चारशे फूट, कोरडा. सहाशे फूट… कुणी कुणाशी बोलत नाही. धुरळा ओला झाला, चिखल होऊन उडायला लागला, की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. नाहीतर गाडी पैसे घेऊन निघून जाते आणि सकाळी गावभर होतं, “त्यांचा बोअर कोरडा गेला.”

पण कोरडा बोअरसुद्धा काहीतरी सांगून जातो. पुढच्या वेळी त्या धुरळ्याचा रंग नीट बघा. आधी काळी माती, मग पिवळट मुरूम, मग काळा पाषाण. मध्येच कधी विटेसारखा लाल थर लागतो आणि त्याखाली पुन्हा काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनवर लाव्हारस पसरला, तो एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. एक थर थंड होऊन वरून झिजायला लागला की त्यावर दुसरा यायचा. तो लाल पट्टा म्हणजे दोन थरांच्या मधली जुनी, भाजलेली माती.

याखाली काय आहे? तेही आपल्याकडे खणून बघितलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. घरोघरच्या आजी-आजोबांना ती पहाट अजून आठवते. नंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल बोअर घेतला. ३३८ मीटरपर्यंत काळा बेसॉल्ट लागला, मग गाळाचा एक पातळ थर, आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा, लाव्हाच्या कितीतरी आधीचा खडक. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेलात तर तोच जुना खडक चक्क उघड्यावर दिसतो, मोठमोठ्या गोल शिळांच्या रूपात.

म्हणजे आपल्या पायाखाली खडक, त्याखाली खडक, त्याखालीही खडक. आता हीच गाडी उचलून गुरू ग्रहावर नेली तर काय होईल?

पहिली अडचण ड्रायव्हरची. गाडी लावायची कुठे?

गुरूला जमीन नाही. दगड नाही, माती नाही, समुद्राचा तळ नाही, पाय टेकवायला काही म्हणजे काही नाही. दुर्बिणीतून जे तपकिरी आणि पांढरे पट्टे दिसतात ते सगळे ढग आहेत. त्या ढगांच्या खाली आणखी ढग, आणि त्याखाली दाट होत जाणारा वायू. अशा ग्रहांना वायुमहाग्रह म्हणतात. आपल्या सूर्यमालेत गुरू आणि शनी हे दोन. (युरेनस आणि नेपच्यूनही मोठेच, पण त्यांच्या पोटात पाणी, अमोनिया, मिथेन यांचा भरणा जास्त, म्हणून त्यांची पंगत वेगळी.)

मग गुरू सुरू कुठे होतो? शास्त्रज्ञांनी यावर तोडगा काढला आहे. पृथ्वीवर समुद्रकिनारी हवेचा जेवढा दाब असतो, तेवढा दाब गुरूवर जिथे भरतो ती पातळी म्हणजे शून्य. तिथून वर ती उंची, तिथून खाली ती खोली. ही रेघ माणसानं मनातल्या मनात ओढलेली आहे. तिथे तुम्हाला काही आपटणार नाही. या रेघेवर तापमान आहे उणे १०८ अंश सेल्सिअस. आणि तिथे तराजूवर उभं राहायची काही सोय झालीच, तर इथे ३० किलो भरणारं पोरगं तिथे ७५ किलोच्या आसपास भरेल.

या रेघेवर मोजला तर गुरूचा विषुववृत्तावरचा व्यास भरतो १,४२,९८४ किलोमीटर. वस्तुमान ३१८ पृथ्व्यांएवढं. आकारमान बघाल तर आत तेराशेहून जास्त पृथ्व्या मावतील. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. तेराशे पृथ्व्यांची जागा, पण ऐवज फक्त ३१८ पृथ्व्यांचा! म्हणजे माल हलका आहे. गुरूची सरासरी घनता पाण्याच्या सव्वापटीहून थोडी जास्त, १.३३. आपला काळा पाषाण पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो. शनी तर पाण्यापेक्षाही हलका, ०.६९. नुसत्या या आकड्यांवरूनच कळतं की तिथे दगडांचा कारभार नाही. गुरूच्या हवेतल्या दर शंभर कणांमागे सुमारे ८६ हायड्रोजनचे आणि उरलेले जवळजवळ सगळे हेलियमचे. बाकी सगळं चिमूटभर. (हेलियमची ओळख पटवणाऱ्यांपैकी एक, नॉर्मन लॉकियर, १८९८ सालचं सूर्यग्रहण पाहायला आपल्या कोकणात, विजयदुर्गला येऊन राहिले होते.)

एवढं अवाढव्य धूड, पण फिरतं मात्र भन्नाट. गुरूचा दिवस ९ तास ५५ मिनिटांचा. सकाळी नांदेडहून सुटलेली तपोवन एक्सप्रेस मुंबईला पोचायच्या आत गुरूची स्वतःभोवती एक फेरी पूर्ण झालेली असते. त्याचे विषुववृत्तावरचे ढग ताशी सुमारे ४५,००० किलोमीटर वेगानं फिरतात. त्यामुळे तो मध्यावर फुगला आहे आणि ध्रुवांवर चपटा झाला आहे. ध्रुवापासून ध्रुवापर्यंतचा व्यास मधल्या व्यासाहून सुमारे ९,३०० किलोमीटरनं कमी भरतो. दगडी गोळा इतका सहज वाकला नसता.

जमीन नसण्याचे परिणाम भारी असतात. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. अवकाशातून दगड येऊन आदळला आणि त्याच काळ्या बेसॉल्टमध्ये जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. हजारो वर्षं झाली, खड्डा जिथल्या तिथे आहे. गुरूवर जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ नावाच्या धूमकेतूचे वीस-एकवीस तुकडे एकामागून एक येऊन आदळले. जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या होत्या. मोठ्या तुकड्यांनी ढगांवर पृथ्वीएवढे काळे डाग पाडले. आणि खड्डे? एकही नाही. काही महिन्यांत वाऱ्यानं डागसुद्धा पुसून टाकले.

वादळांचंही तसंच. बंगालच्या उपसागरात उठलेलं वादळ आंध्र-तेलंगणाची जमीन तुडवत नांदेडपर्यंत येतं तोवर त्याची रग जिरलेली असते, उरतो तो पाऊस. वादळाला खालून समुद्राची ऊब मिळाली तर ते जगतं. जमिनीवर आलं की मरतं. गुरूवर त्याला अडवणारी जमीनच नाही. म्हणून तिथला तो प्रसिद्ध तांबडा डाग, म्हणजे पृथ्वीहूनही मोठं वादळ, दीडशे वर्षांहून जास्त काळ सतत डोळ्यांसमोर आहे. तो आक्रसतोय मात्र. १९७९ साली व्हॉयेजर यान गेलं तेव्हा त्याची लांबी सुमारे २३,००० किलोमीटर होती. २०१७ मध्ये मोजली तर १६,००० च्या आसपास भरली. तो तांबडा नेमका कशामुळे, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. तुमच्यातल्या कुणासाठी तरी ते काम राखून ठेवलं आहे असं समजा.

बरं, आता बोअर सुरू करू. गाडी राहू दे, आपणच खाली उतरू.

सगळ्यात वर पांढरे ढग. हे पाण्याचे नाहीत, गोठलेल्या अमोनियाचे आहेत. गुरांच्या गोठ्यात सकाळी शिरलं की नाकात जो झणका बसतो ना, तो अमोनियाचाच. त्याखालचे ढग अमोनिया आणि गंधकाच्या संयुगाचे. त्यांचा वास सडक्या अंड्याच्या जातीचा. म्हणजे प्रवास नाक दाबूनच करायचा. आणखी खाली गेलं, दाब पाचपट झाला, की तापमान शून्य अंशाच्या आसपास येतं. इथे ओळखीचे ढग भेटायला हवेत. पाण्याचे! विजाही इथे कडाडतात. थंडी फार नाही, ऊन नाही. पण श्वास घ्यायला ऑक्सिजन नाही आणि अंगावर अडीचपट वजन.

इथे गाराही पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीनं हाताशी आलेली पिकं झोपवली, ते घरात अजून ऐकायला मिळत असेल. गुरूवरच्या गारांची तऱ्हा निराळी. तिथलं जोराचं वादळ पाण्याचा बर्फ खूप वर उडवतं. वर अमोनिया त्याला वितळवतो, उणे ८० अंशांच्याही खाली! दोघांचा मिळून चिखलासारखा लगदा होतो, त्यावर बर्फाचं कवच चढतं, आणि त्या गारा खाली कोसळतात. त्या पडतात कशावर म्हणाल, तर कशावरच नाही. खाली जाता जाता विरघळतात, वाफ होते आणि संपतात. गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानाच्या निरीक्षणांवरून शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये ही गोष्ट मांडली.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं दुरूनच. खरोखर कुणी गुरूवर बोअर मारलाय का?

मारलाय की! एकदाच. आणि त्याची कथा लातूरकरांनी ऐकावी अशीच आहे.

गॅलिलिओ नावाचं यान १८ ऑक्टोबर १९८९ ला निघालं. त्याच्या पोटात ३३९ किलोचं एक छोटं यान होतं. त्याला फक्त एकच काम, गुरूत उडी मारायची आणि मरेपर्यंत बोलत राहायचं. १३ जुलै १९९५ ला थोरल्या यानानं धाकट्याला सोडून दिलं. पाच महिने ते एकटं, झोपलेलं, गुरूकडे पडत राहिलं. ७ डिसेंबर १९९५ ला (आपल्याकडे तेव्हा ८ तारखेची पहाट होत होती) ते गुरूच्या हवेत शिरलं. वेग सेकंदाला ४७ किलोमीटर. म्हणजे लातूर ते नांदेड तीन सेकंदांत.

हवेवर ते इतक्या जोरात आपटलं की पुढची हवा सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा जास्त तापली. उष्णतेपासून वाचवायला त्याच्या तोंडावर १५२ किलोची ढाल होती; त्यातली सुमारे ८० किलो ढाल जळून उडून गेली. वेग इतक्या झटक्यात उतरला की आतल्या प्रत्येक उपकरणावर त्याच्या वजनाच्या २२८ पट भार आला. दोन-तीन मिनिटांत हे सगळं उरकलं. मग हवाई छत्री उघडली, उरलेली ढाल खाली पडली आणि धाकटं यान लटकत, झोके घेत खाली जाऊ लागलं. आणि बोलू लागलं. दाब इतका, तापमान इतकं, वारा इतका. वरून जाणारं थोरलं यान ऐकून घेत होतं.

वाऱ्यानं पहिला धक्का दिला. शास्त्रज्ञांपैकी अनेकांना वाटत होतं की वारा वरवरचा असेल, ढगांखाली गेलं की मंदावेल. उलटंच झालं. खाली जावं तसा वारा वाढला आणि ताशी सहाशे किलोमीटरच्या वर जाऊन तसाच घोंगावत राहिला. म्हणजे या वाऱ्याला नुसतं ऊन पळवत नाही. गुरूच्या पोटात स्वतःची धग आहे. खरंच आहे. गुरू सूर्याकडून जेवढी ऊब घेतो त्याहून जास्त स्वतः बाहेर टाकतो.

दुसरा धक्का पाण्याचा. सगळे वाट बघत होते, आता पाण्याचे दाट ढग लागतील. लागले नाहीत. आणखी खाली गेलं. नाही. जेवढं पाणी अपेक्षित होतं त्याच्या पासंगालाही पुरेल एवढं लागलं नाही. ५८ मिनिटांनी धाकट्याचा आवाज बंद झाला. तेव्हा त्याच्या भोवतीचा दाब पृथ्वीच्या २२ पट होता, तापमान दीडशे अंशांच्या वर. पुढे काही तासांत छत्री वितळली असेल, मग ॲल्युमिनियम, मग टायटॅनियम, आणि शेवटी त्याची वाफ होऊन ते गुरूचाच एक भाग झालं असेल.

तर मंडळी, माणसानं गुरूवर मारलेला एकुलता एक बोअर, आणि तो गेला कोरडा!

कारण पुढे सापडलं. गुरूच्या विषुववृत्ताजवळ अधूनमधून काही जागा ढगांमधून मोकळ्या झालेल्या असतात. तिथे वरची कोरडी हवा खाली दबलेली असते. गुरूच्या अंगावर अशा जागा मिळून एक टक्काही भरत नाहीत. आणि आपलं यान नेमकं अशाच एका जागेत जाऊन पडलं. वाळवंटात पाऊस मोजून कुणी पृथ्वीचा हिशोब केला तर जे होईल, ते झालं. यात कुणाची चूक नव्हती. गुरू ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं विषुववृत्ताजवळ शिरलं तरच यान वाचण्यासारखं होतं. त्यात पाच महिने आधी सुटलेल्या यानाला तिथलं हवामान निवडता येत नव्हतं.

पाण्याचा खरा हिशोब लागायला २५ वर्षं गेली. जूनो यान ५ ऑगस्ट २०११ ला निघून जुलै २०१६ मध्ये गुरूपाशी पोचलं. त्यानं बोअर मारला नाही. ते वरूनच ढगांखालची सूक्ष्मलहरींची कुजबुज ऐकतं आणि कित्येक किलोमीटर खोलवर काय आहे ते ओळखतं. २०२० मध्ये निकाल आला. विषुववृत्ताच्या पट्ट्यात दर हजार कणांमागे सुमारे अडीच कण पाण्याचे आहेत. पाणी होतं, बोअरची जागा चुकली होती.

तरी त्या कोरड्या बोअरनं एक मोलाची खूण वर पाठवली होती. नियॉन नावाचा वायू तुम्ही दुकानांच्या लाल दिव्यांमुळे ओळखता. गुरूवर तो सूर्याच्या मानानं जेमतेम एक दशांश सापडला. हेलियमही थोडा कमीच होता. गेला कुठे? नियॉन कशाशी संयोग पावत नाही, नाहीसा होत नाही. उत्तर खाली आहे, फार खाली.

आपण आत्ता दीडशे किलोमीटर उतरलोय. अहमदपूर, लोहा करत लातूरहून नांदेडला जायला जेवढं अंतर, साधारण तेवढंच. गुरूचा मध्य आहे सत्तर हजार किलोमीटरवर.

इथून खाली काळाकुट्ट अंधार. दाब वाढत जातो, वायू दाटत जातो, आणि मग तो द्रवासारखा वागायला लागतो. “नक्की कुठे वायू संपून द्रव सुरू होतो?” कुठेच नाही! घागरीत पाण्याची एक पातळी असते, वर हवा, खाली पाणी. गुरूच्या आत अशी पातळी नाही. दाब आणि उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली की हायड्रोजनमध्ये वायू आणि द्रव हा भेदच राहत नाही. तुम्ही बुडत जाल, पण आपण बुडालो कधी हे तुम्हाला सांगता येणार नाही.

दहा-पंधरा हजार किलोमीटर खाली गेलं की दाब पृथ्वीच्या दहा-वीस लाख पट होतो. तिथे हायड्रोजनचे अणू इतके चेपले जातात की त्यांचे इलेक्ट्रॉन सुटून मोकाट फिरू लागतात. इलेक्ट्रॉन मोकळे म्हणजे वीज वाहणार, म्हणजे तो धातूच झाला की! फुग्यात भरता येईल असा हायड्रोजन तिथे वितळलेल्या धातूसारखा वाहतो. असं होऊ शकतं हे विग्नर आणि हंटिंग्टन या दोघांनी १९३५ मध्येच कागदावर मांडलं होतं. अमेरिकेत लिव्हरमोर इथल्या प्रयोगशाळेत १९९६ मध्ये क्षणभरासाठी तेवढा दाब देऊन हायड्रोजन खरोखर धातूसारखा वागवून दाखवला गेला. या धातूत हेलियम मिसळत नाही. त्याचे थेंब होतात आणि ते आणखी खाली पडतात. हेलियमचा पाऊस! हे थेंब पडता पडता नियॉनला आपल्यात विरघळवून खाली घेऊन जातात. वरचा नियॉन गेला तो असा.

हा धातूचा समुद्र दहा तासांत एक फेरी मारणाऱ्या ग्रहाच्या पोटात घुसळत असतो. त्यातून चुंबकत्व तयार होतं, सगळ्या ग्रहांमध्ये सर्वांत जोरदार. त्या चुंबकाच्या जाळ्यात अडकलेले इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरतात आणि रेडिओ लहरी सोडतात. त्या ऐकायला फार लांब जायला नको. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. तिच्यावरूनही गुरूचा हा आवाज टिपलेला आहे. शाळेची सहल भीमाशंकर-शिवनेरीकडे निघाली तर सरांना खोडदचं नाव सुचवून बघा.

आणि सगळ्यात खाली? तिथे तरी जमीन असेलच, असं तुमच्या मनात आलं असेल. खूप वर्षं शास्त्रज्ञांच्याही मनात हेच होतं. खडक आणि बर्फाचा एक टणक गोळा, त्याभोवती धातूचा समुद्र, अशी सुबक चित्रं पुस्तकांत छापलेली असायची. अजूनही काही पुस्तकांत आहेत.

हे तपासायचं कसं? तिथे बोअर पोचणार नाही. अहो, पृथ्वीवर सुद्धा माणसाचा सगळ्यात खोल बोअर, रशियातल्या कोला इथला, १२ किलोमीटरच्या थोडा पुढे गेला आणि थांबला. तरी पृथ्वीच्या गाभ्यात काय आहे ते आपल्याला माहीत आहे, आणि ते सांगितलं भूकंपांनी. किल्लारीला जमीन हादरली तेव्हा त्या लाटा पृथ्वीच्या पोटातून आरपार जाऊन दूरदूरच्या देशांतल्या यंत्रांवर उमटल्या. कुठे वळल्या, कुठे मंदावल्या यावरून आतलं चित्र काढता येतं. गुरूवर यंत्र ठेवायला जमीन नाही. मग?

शनीच्या बाबतीत उत्तर सापडलं ते अफलातून आहे. शनीचं पोट सतत थरथरत असतं. त्या थरथरीनं त्याची ओढ किंचित कमीजास्त होते आणि तिचे तरंग त्याच्या कड्यांवर उमटतात. म्हणजे शनीनं आपला भूकंपमापक आपल्या कमरेलाच बांधलेला आहे. मार्क मार्ली आणि कॅरोलिन पोर्को यांनी ही कल्पना सविस्तर मांडली ती १९९३ मध्येच, किल्लारीच्या साली. पुढे कॅसिनी यानाला कड्यांमध्ये ते तरंग सापडले. २०२१ मध्ये त्यांवरून हिशोब झाला, तर शनीचा गाभा टणक निघाला नाही. खडक, बर्फ आणि हायड्रोजन यांची सरमिसळ, आणि ती शनीच्या त्रिज्येच्या साठ टक्क्यांपर्यंत पसरलेली.

गुरूचं जूनोनं वेगळ्या वाटेनं शोधलं. ते गुरूच्या अगदी जवळून जातं तेव्हा गुरूच्या ओढीनं त्याचा वेग अगदी बारीक बदलतो. पृथ्वीवर येणाऱ्या त्याच्या रेडिओ संदेशावरून तो बदल मोजता येतो. खाली कुठे माल जास्त, कुठे कमी, ते त्यातून उलगडतं. त्यातून दोन गोष्टी कळल्या. वरचे पट्टे आणि त्यांचे वारे सुमारे ३,००० किलोमीटर खोल जातात. आणि गुरूचा गाभाही विरघळल्यासारखा, पसरट, कड नसलेला आहे. तिथे तापमान वीस हजार अंशांच्या घरात आणि दाब पृथ्वीच्या काही कोटी पट. खडकाचा ऐवज तिथे भरपूर आहे. पण तो खडक म्हणून नाही; धातुरूप हायड्रोजनमध्ये मिसळलेला आहे.

म्हणजे बोअरची गाडी सत्तर हजार किलोमीटर खाली गेली तरी हातोड्याला ‘ठक्’ असा आवाज कुठेच यायचा नाही.

आता तुम्ही काय करू शकता ते सांगतो. गुरू सूर्याभोवती एक फेरी ११.८६ वर्षांत मारतो, म्हणजे साधारण वर्षाला एक रास. तो सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो, आपल्या नांदेडवरून वाहणाऱ्या गोदावरीच्याच वरच्या काठावर. २००३, २०१५ आणि आता २०२६-२७. फेरी पुरती बारा वर्षांची नाही, थोडी कमी. म्हणून ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत एकदा सिंहस्थ अकरा वर्षांनीच येतो. १९८० नंतरचा १९९१ मध्ये सुरू झाला तो असाच.

२०२७ च्या फेब्रुवारीत, १० तारखेच्या आसपास, सूर्य मावळला की गुरू पूर्वेला उगवेल आणि रात्रभर दिसेल. मराठवाड्याचं आभाळ त्या दिवसांत स्वच्छ असतं. सर्वांत ठळक, न लुकलुकणारा पिवळसर ठिपका तोच. त्याच्या थोडं मागून मघा तारा वर येईल. घरात, शेजारी, शाळेत कुणाकडे साधी द्विनेत्री असली तर गच्चीच्या कठड्यावर हात टेकवून तिच्यातून बघा. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके दिसतील. ते आयो, युरोपा, गॅनिमिड आणि कॅलिस्टो हे त्याचे चंद्र. गॅलिलिओ या शास्त्रज्ञानं ते जानेवारी १६१० मध्ये पहिल्यांदा पाहिले. एखाद्या रात्री चारऐवजी तीनच दिसले तर डोळे चोळू नका, एक जण गुरूच्या मागे किंवा पुढे गेलेला असतो. शाळेची दुर्बीण मिळाली तर पट्टे बघा आणि गुरू खरोखर मध्यावर फुगलेला दिसतो का तेही बघा.

चार-पाच रात्री एकाच वेळेला बघून वहीत ठिपक्यांची चित्रं काढा, शेजारी तारीख, वेळ आणि गावाचं नाव लिहा आणि ती आम्हाला पाठवा. सगळ्यात जोरात जागा बदलणारा चंद्र कोणता, ते तुमचं तुम्हीच ओळखायचं.